तीन बाजूंनी पाणी

६ मे २००३
विजयदुर्ग

आसारामदादा,

पत्राच्या वर सप्रेम नमस्कार लिहायचा असतो, एवढं मला कळतं. सात वर्षांनी लिहायला बसले आहे, तर तेवढा तरी लिहिला असता. पण काल किल्ल्याच्या दरवाजाशी तुझा माणूस सुग्रीव उभा दिसला आणि नमस्कार घशातच राहिला.

आधी हे सांग, आम्ही इथं आहोत हे तुला कुणी सांगितलं? निघेपर्यंत मोहनरावांनी कुणाला जागा कळू दिली नव्हती. बायामाणसांना देवदर्शनाला चाललो म्हणून सांगायला लावलं होतं. आमचे हे जनावरं घेऊन दिंद्रुडजवळच्या चारा छावणीत आहेत, त्यांनाही मी तेवढंच सांगून आले. चौसाळा यायच्या आत शहादेवनं गाडीचे सगळे पडदे ओढायला लावले. म्हणाला, "ऊन लागतंय, बाई." दिवस मावळून गेला होता. आपल्या गावाचा फाटा मला दिसू नये म्हणून मोहनरावांच्या भाच्याला अंधारात ऊन लागत होतं. तेव्हाच मला कळलं की गाडीत सगळ्यात जास्त नजर माझ्यावर आहे.

का नसावी म्हणा. दूध संघाच्या चेअरमनची निवड सोमवारी. सहा संचालक तुझ्याकडचे, सात मोहनरावांकडचे, आणि त्या सातांतली एक तुझी सख्खी बहीण. त्यांच्या जागी मी असते तर मलाही माझ्यावर भरवसा वाटला नसता. पण दादा, मी फुटलेली नाही. हे तुझ्याच कानावर घालायचं म्हणून लिहिते आहे. आमच्या भागातल्या छावणीला संघाच्या ट्रकनं चारा पोचवायचं मोहनरावांनी कबूल केलं आहे आणि माझं मत त्या चाऱ्याला आहे. तू चेअरमन झालास तर चौसाळ्याच्या अलीकडंच, तुझ्या भागात, ट्रक थांबवशील हे मला चांगलं माहीत आहे.

जागा मात्र मोठी बघण्यासारखी शोधली आहे त्यांनी. जमिनीची एक जीभ समुद्रात शिरली आहे आणि तिच्या टोकाला किल्ला. तीन तटबंद्या, एकीच्या आत एक. किल्ल्याच्या पायथ्याशी गाव, कौलारू घरं, अंगणात वाळत टाकलेली मासळी, आणि पलीकडं पुळण म्हणतात तो वाळूचा किनारा. समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला. आमच्यातली दुसरी बाई संचालक, छबुबाई, म्हणाली, "आगं बया, एवढं पानी!" आणि लहान पोरीसारखी पळत सुटली. मला मात्र राग आला. आपल्याकडं टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायचं, आणि इथं हे उगाच येतंय नि जातंय. मोहनराव तटावर उभे राहून सगळ्यांना दाखवत होते, "बघा, तीन बाजूंनी पानी. चौथीकडं एकच रस्ता, त्याच्यावर आपली जीप. आता कोन येतंय बघू." शिवाजी महाराजांनी जागा पारखली ती त्यांच्या उपयोगी पडते आहे.

आणि तरी सुग्रीव आला. दरवाजाशी नारळपाणी पीत उभा होता. मला एकटीला बघून म्हणाला, "आक्का, माय लई बिघडलीया. दादानं गाडी दिलीया, चला."

मागच्या निवडणुकीचं तू विसरला असशील, तर मी आठवण करून देते. तेव्हाही हाच सुग्रीव आला होता. मांजरसुंब्याच्या धाब्यावर आमची गाडी जेवायला थांबली होती. हेच शब्द होते, माय लई बिघडलीया. मी हात न धुता जीपमध्ये बसले. घरी पोचले तर माय ओट्यावर शेंगा फोडत बसलेली, आणि मला पाहून तिला नवलसुद्धा वाटलं नाही. "आलीस व्हय? बस, च्या टाकते." तिकडं निवड होऊन गेली, आमची बाजू एका मतानं पडली, आणि तुझ्या मिरवणुकीचा गुलाल मला रस्त्यात लागला. वर्षभर हे माझ्याशी धड बोलले नाहीत. गावात बाया पाण्याला बोलवेनात. तुझ्या उंबऱ्यावर मी तेव्हापासून पाय ठेवला नाही. मायलाही भेटले नाही, कारण तिला सगळं माहीत होतं असं मला वाटतं. वाटत नाही, खात्री आहे.

म्हणून काल मी सुग्रीवला म्हटलं, "दादाला सांग, नवं काहीतरी शोध." तो खाली बघत राहिला. मागच्या वेळीही असाच खाली बघत होता. मग हळूच म्हणाला, "आक्का, ह्या टायमाला खरं हाय." म्हणजे मागच्या वेळी खोटं होतं, हे तुझ्याच माणसानं कबूल केलं, ऐक. तेवढ्यात शहादेव धावत आला आणि सुग्रीवला धक्के मारत रस्त्याला लावलं.

पुन्हा कुणाला पाठवू नकोस. हे पत्र छबुबाई उद्या पेटीत टाकणार आहे, ती दूध आणायला गावात जाते.

चंद्रभागा


८ मे २००३
विजयदुर्ग

दादा,

आधीचं पत्र तुला पोचलेलं नाही. ते माझ्याजवळच आहे. छबुबाईनं ते पेटीत न टाकता शहादेवच्या हातात ठेवलं, आणि त्यानं काल जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मायच्या शेंगांपर्यंत सगळं. वाचून झाल्यावर घडी घालून माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "चांगलं लिवलंय, बाई. पर सोमवारपर्यंत टपाल बंद हाय."

मी छबुबाईला विचारलं, कावून गं असं केलंस? तिनं डोळ्याला डोळा दिला नाही. "मला बी घरदार हाय, आक्का. उद्या काई झालं तर माज्यावर येईल." मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. ती बिचारी दिवसातून तीनदा अंघोळ करते आहे. नळ सोडते आणि नुसती धार बघत बसते. अशा बाईला काय बोलायचं.

पत्रात मी तुला चार शिव्या घातल्या होत्या, मी फुटलेली नाही असं स्वच्छ लिहिलं होतं. वाटलं, निदान आता तरी माझ्यावरचा पहारा उठेल. झालं उलटंच. मोहनराव मान हलवत म्हणाले, "भावाला पत्र जातंय म्हंजे वाट उघडी हाय." काय लिहिलं ते बाजूलाच राहिलं. तेव्हापासून मी पायरी उतरले की कुणीतरी चप्पल घालतं. आज आम्हाला देवगडला नेलं. तिथंही किल्ला, दीपगृह, पांढरी पुळण, बाजारात हापूसच्या पेट्या. सगळे फोटो काढत होते आणि शहादेव माझ्या मागं अशा बेतानं उभा होता की प्रत्येक फोटोत तो आलाच असेल. परतताना गिर्ये गावी रामेश्वराच्या देवळात मी डोळे मिटून हात जोडले, तर शेजारी येऊन विचारतो, "काय मागितलं, बाई?" म्हटलं, तुला बायको मिळू दे असं मागितलं. सगळे हसले, तो नाही हसला.

आमच्या खानावळीच्या काकूंनीसुद्धा मला आज मागच्या पडवीत गाठलं. "कोणी तुमका हय कोंडून ठेवलाहा काय गो?" मी म्हटलं, नाही हो काकू, सहल आहे. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि एक आंबा कापून हातात दिला.

आता खरी गोष्ट. ती लिहायला सकाळपासून टाळते आहे.

सुग्रीवचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून काल मी मोहनरावांना म्हटलं, एवढं फोन करून विचारा ना, माझी माय कशी आहे. ते लगेच उठले. मला म्हणाले, "तुमी बसा, उन्हात कशाला." एसटीडीवर जाऊन आले. हसत आले. "कायबी काळजी करू नका, ताई. तुमची माय ठणठणीत हाय. आज सकाळीच डेअरीवर दूध घालाया आलती म्हनं."

मी हो म्हटलं. बरं वाटलं. दोन घास जास्त जेवले.

आणि दुपारी भांडं विसळता विसळता हात थांबला. दादा, आपल्या गावचं संकलन केंद्र फाल्गुनात बंद झालं. दूधच येईना म्हणून बंद केलं, त्या ठरावावर माझी सही आहे, तुझीही आहे. त्याच बैठकीत तू माझ्या समोर बसला होतास आणि पंख्याकडं बघत होतास. मग माय दूध कुठं घालून आली? आणि कसलं दूध? तुझी म्हैस छावणीत असेल, नाहीतर विकली असशील. मोहनराव चेअरमन व्हायला निघालेत, त्यांना कुठलं केंद्र चालू आणि कुठलं बंद हे ठाऊक नाही. कुणालाही फोन न करता ते एसटीडीच्या सावलीत विडी ओढून परत आले आहेत.

ते खोटं बोलले. पण ते खोटं बोलले म्हणून तू खरं बोलतोस असं होत नाही. इथंच माझं गाडं अडतं. त्यांना वाटलं असेल, बाईचा जीव लागून राहिलाय, काहीतरी सांगून टाकू. आणि तू? तू सुग्रीवला सांगितलं असशील, ह्या टायमाला खरं हाय असं म्हण, मग बसेल विश्वास. तुझ्या डोक्यातून असं येऊ शकतं. लहानपणी मायच्या डब्यातला गूळ खाऊन माझ्या ओठाला लावून ठेवणारा तूच ना.

मायचं वय झालं आहे. उन्हाळा असा. पाणी खाऱ्या बोअरचं. खरं असायला काय वेळ लागतो?

चंद्रभागा


१० मे २००३
विजयदुर्ग

दादा,

हे पत्र पाठवायची काही सोय नाही. तरी लिहिते, कारण इथं दुसऱ्या कुणाशी बोलायची सोय नाही. कागद काकूंनी दिले.

आज मी निघून बघितलं.

सकाळी काकू धक्क्यावर मासळी घ्यायला निघाल्या, मी त्यांची पाटी धरते म्हणून बरोबर गेले. धक्क्यावरून खाडीपलीकडं होडी जाते. पलीकडं उतरलं की दुसरा तालुका, तिथून एसटी मिळते, असं काकू म्हणाल्या. होडीत कोंबड्या घेऊन दोन बाया बसल्या होत्या, माझ्यापुरती जागा होती. मी पाटी खाली ठेवली. वर बघते तर दोर बांधायच्या खुंटावर शहादेव बसलेला. पाय हलवत शेंगदाणे खात होता. म्हणाला, "होडीत बसायचंय व्हय, बाई? बसा की. मी बी येतो. मामांना सांगू का तुमी निगालाव म्हनून?"

त्यानं मला अडवलं नाही. हात लावला नाही. मी होडीत बसले असते तर तो माझ्याबरोबर बसला असता, एवढंच. मी आरडाओरडा केला असता तर धक्क्यावरचे कोळी धावून आले असते, त्या काकू तर कोयता घेऊनच आल्या असत्या. पोलीस चौकी वरच्या अंगाला आहे, ती मी येता जाता पाहिली आहे.

मी पाटी उचलली आणि मासळी घेऊन परत आले.

खोलीत आल्यापासून ह्याचाच विचार करते आहे. मला कोंडलं आहे असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होते, आणि ते खोटं आहे. मी जोर केला नाही, दादा. मला भीती कसली वाटली सांगू? माय मेली असेल ह्याची नाही वाटली. मी धापा टाकत घरी पोचेन आणि ती ओट्यावर शेंगा फोडत बसलेली असेल, ह्याची वाटली. पुन्हा "आलीस व्हय?" म्हणेल. पुन्हा गुलाल. पुन्हा ह्यांचं तोंड फिरवून झोपणं. एकदा फसलेल्या बाईला लोक हसतात, दुसऱ्यांदा फसली तर तिला वेडी म्हणतात. असं म्हणवून घेण्यापेक्षा मी मायला तिथं पडू दिलं आहे, खरंच पडली असेल तर.

वाचून तुला माझा तिरस्कार वाटेल. वाटू दे. पण माझ्या मनात हे कुणी घातलं तेही बघ.

दुपारी मोहनरावांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, केंद्र बंद आहे, माय दूध घालायला कुठं गेली? ते माझ्यावरच उखडले. "ताई, मागच्या बारीला तुमच्यापायी सत्ता गेली. मी तरी तुमाला पुन्हा उभं केलं. कावून? विश्वास टाकला म्हनून." विश्वास टाकला आणि वर शहादेव बसवला. मग जरा मऊ होऊन म्हणाले, "सोमवारी सही झाली की माजी गाडी तुमाला दारापर्यंत सोडती. दोन दिसानं काय हुतंय?"

उद्या दुपारी निघायचं आहे. सगळे पुळणीवर गेले आहेत, शेवटचा दिवस म्हणून. त्यांचा हसण्याचा आवाज येतो आहे. जागा खरंच सुंदर आहे. कुणी मला नुसतं समुद्र बघायला म्हणून आणलं असतं तर मी जन्मभर आठवण काढली असती.

चंद्रा


२४ मे २००३

दादा,

दहाव्यापर्यंत आपण एकाच घरात होतो. तू पुरुषांत, मी बायकांत. तू दोनदा विचारलंस, जेवलीस का. मी दोनदा हो म्हटलं. एवढंच आपलं बोलणं. म्हणून आता हे लिहिते आणि आधीची तिन्ही पत्रं बरोबर देते. होडीबद्दलचं काढून टाकावं असं वाटलं होतं, पण त्याला अर्थ नाही.

त्या दिवशीचं तुला अर्धंच माहीत आहे. अर्धं मी सांगते.

सोमवारी उजाडताना आमची गाडी चौसाळ्याच्या अलीकडं आली. शहादेव पडदे लावायला उठला, मी पडद्याची कड हातात धरून ठेवली. म्हटलं, लाव बघू. तो खाली बसला. आपला फाटा आला. पाटी, तिच्याखाली रिकामी झालेली दुधाच्या कॅनची टपरी, दुसरं काही नाही. मी उठून उभी राहिले, म्हटलं, गाडी थांबवा, मी बघून येते, मागनं एसटीनं येते. कुणी ऐकलंच नाही असं केलं. ड्रायव्हरनं गाडी आणखी पळवली. मला वाटलं, फाट्यावर कुणीतरी उभं असेल. तू हाडाचा राजकारणी, तुला आमची गाडी इथूनच जाणार हे कळत होतं. खोटं असतं तर तू फाट्यावर दहा माणसं आणि एक रडणारी बाई उभी केली असतीस. फाट्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तिथं मला पहिल्यांदा वाटलं, हे खरं असेल. पण शेजारी छबुबाई म्हणाली, "बघ, काई असतं तर मानसं नसती का?" आणि मी तेही ऐकून घेतलं.

बीडला संघाच्या हॉलमध्ये आम्हाला मागच्या दारानं नेलं. अधिकारी बसलेले, खुर्च्या मांडलेल्या, तुझे पाचजण समोर. तुझी खुर्ची रिकामी.

तुझे पाचजण सारखे दाराकडं बघत होते. त्यांनाही तू काही सांगितलं नव्हतंस, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मोहनराव माझ्या कानाशी वाकले. "नाटक हाय. भाईर कुटंतरी बसलाय. शेवटच्या मिनटाला येतोय बघा."

माणूस बाकी कशालाही उशीर करील, पण तू आणि मत? अरे, तुझ्या हळदीच्या दिवशी अंगाला हळद लागलेली असताना सोसायटीच्या मीटिंगला जाऊन सही करून आला होतास. वहिनीच्या माहेरचे अजून त्यावरून हसतात. ताप असताना, पूर असताना, वडील गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, कधी म्हणून तू खुर्ची सोडली नाहीस. ती खुर्ची रिकामी बघितली आणि मला कळलं. तू शपथ घेऊन सांगितलं असतंस तरी कळलं नसतं, इतकं कळलं.

मी उठले. अधिकारी म्हणाले, बाई, कामकाज सुरू होतंय. मी चालत राहिले. दारात शहादेव. "सही झाल्याबिगर जाता येत न्हाई, बाई." मी त्याला म्हटलं, "बाजूला हो बे." आयुष्यात पहिल्यांदा कुणाला बे म्हटलं. तरी तो हलेना. तेव्हा मागून छबुबाईचा आवाज आला, "जाऊ द्या तिला. तिकडला एक कमी हाय, तिच्याबिगर बी आपलंच हुतंय." मोहनरावांनी मनात हिशोब केला आणि शहादेवला खूण केली. बघ, मला सोडलं तेसुद्धा हिशोब जुळला म्हणून.

बीडच्या स्टँडवरून एसटीनं मांजरसुंबा, तिथून काळ्यापिवळ्या जीपनं चौसाळा, आणि फाट्यावरून कुणाच्या तरी मोटारसायकलवर. तो मोटारसायकलवाला म्हणाला, "आसारामरावांकडं का? म्हातारी आठ दिसापासून पडून हाय." मी त्याला काही विचारलंच नव्हतं.

पुढचं तू पाहिलंस. पण तू उशाशी होतास, तुला तिचं तोंड नीट दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

तुझी दाढी वाढलेली. चमच्यानं पाणी घालत होतास. मला बघून तू सरकून जागा केलीस. मायचे डोळे उघडे होते, पण आत गेलेले. तिनं विचारलं, "कोन?"

तू म्हणालास, "चंद्रा हाय, माय."

ती बराच वेळ माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, ओळख पटत नाही. ओळख पटली होती. तिनं तुला विचारलं, "मत मागाया आली व्हय?"

तू म्हणालास, "न्हाई माय. तुला भेटाया आली."

तुझा आवाज चांगला होता. कुणालाही पटला असता. पण माझी नजर तिच्या तोंडावर होती, आणि तिला पटलं नाही, दादा. तिला वाटलं, तू मला पाठीशी घालतो आहेस. ती तुझा हात चाचपडत म्हणाली, "दिऊन टाक की तिला. भैनीला काय न्हाई म्हनायचं."

दिवेलागणीआधीच ती गेली.

आता गावात काय चाललं आहे तेही ऐक. मोहनराव चेअरमन झाले. चाऱ्याचे ट्रक अजून आलेले नाहीत. आमच्याकडं लोक म्हणतात, चंद्रभागाबाईनं आयत्या वेळी भावाशी संधान बांधलं. तुझ्याकडचे म्हणतात, म्हातारीचं निमित्त करून आसाराम बहिणीच्या बाजूला गेला. ह्यांनी काल छावणीतून येऊन मला एकच विचारलं, बीडपासून गाडी कुणाची होती. एसटीचं तिकीट दाखवलं, तर ते उलटंपालटं करून बघत बसले. मला त्यांचा रागही आला नाही.

सात वर्षं तिला न भेटता काढली, ह्या विचारानं मला झोप येत नाही. पण त्याहून जास्त तिचं ते शेवटचं वाक्य आठवून रडू येतं. मी मत मागायला आले असंच तिला वाटत होतं, आणि तरी ती माझ्यासाठी तुझ्याकडं शब्द टाकून गेली. म्हणजे मागच्या वेळी शेंगा फोडत बसली होती तेव्हाही, तुझ्या डावात सामील असेल किंवा नसेल, तिला मी हवीच होते. मी चहाला थांबले असते तर कदाचित तिनंच सांगितलं असतं.

तुला मी दोष देत नाही. खरा निरोप पाठवलास, स्वतःचं मत सोडून तिच्या उशाशी बसलास. माझ्यासाठी तिच्याशी खरंही बोललास. तिला ते खोटं वाटलं, त्याला तू एकटा जबाबदार नाहीस.

ती पडल्या पडल्या वाट बघत होती, तेव्हा एकदा तरी तिला पटायला हवं होतं की लेक नुसती भेटायला आली आहे. घरात तू होतास, मी होते. आपल्या दोघांपैकी कुणी सांगितलं असतं तर तिला खरं वाटलं असतं, दादा? मी रोज विचार करते, आणि मला आपलं दोघांचंही नाव घेता येत नाही.

चंद्रा